पात्याचं पूर्ण वजन

३ फेब्रुवारी

मोठे,

आशीर्वाद आहेतच, ते वाटेत सांडत नाहीत, म्हणून सरळ कामाचं लिहिते. फोन करणार नाही. फोनवर तू "हो आत्या, हो आत्या" म्हणतेस आणि दुसऱ्या हातानं कुणाच्या तरी कागदावर सही करतेस, ते मला इथे ऐकू येतं. लिहायला बसलं की माणूस निदान वाक्य पूर्ण करतो.

काल टोळ येऊन गेला. तुझा धाकटा भाऊ छत्तीस वर्षांचा झाला, वैमानिक झाला, तरी माझ्या सोफ्यावर बसला की त्याचे गुडघे कानाला लागतात. तेव्हा त्याला टोळ म्हणायचं मी सोडणार नाही. चहाचे दोन चमचे टेबलावर आडवे ठेवून त्यानं मला समजावून सांगितलं की तुमचं नवं यंत्र कसं उडतं. एकतीस वर्षं रोटरची पाती तोलणाऱ्या बाईला. मी ऐकून घेतलं. त्याला समजावताना बघायला मला आवडतं.

यंत्र जागच्या जागी सरळ वर उठतं तेव्हा डोक्यावरचा रोटर मिनिटाला साडेतीनशे फेरे घेतो. वर गेल्यावर मागचा पंखा यंत्राला पुढे ढकलतो, वेग आला की भार दोन्ही बाजूचे पंख उचलतात, आणि मग रोटर म्हणजे वाऱ्यात धरलेली नुसती आडकाठी. म्हणून त्याला मंद करायचं. टोळ म्हणाला, आत्तापर्यंत दोनशेपर्यंत आणलाय, आता शंभरावर आणायचा.

इथे माझा चमचा खाली पडला. जोरात फिरणारं पातं फिरण्याच्या ओढीनं ताठ राहतं. शंभर फेऱ्यांवर ती ओढ फारच थोडी उरते, आणि जी उरते ती पात्याच्या टोकात बसवलेल्या जड चकत्यांची. त्या कमी पडल्या तर पातं दोरीवरच्या ओल्या चादरीसारखं फडफडेल, आणि खाली शेपूट आहे.

तेव्हा मला एवढंच कळव. माझ्या वजनखोलीत हल्ली कोण आहे, आणि पाती पूर्ण वजनाची आहेत का? मिशनच्या शाळेत खाडाखोड झाली की सिस्टर अख्खं पान पुन्हा लिहायला लावायच्या. मी त्या खोलीतली वही त्याच धाकानं लिहिली आणि तीत एक खोटा आकडा नाही. माझ्यामागे ती कुणी लिहितं, की नुसती भरतं?

आत्या

१० फेब्रुवारी

आत्या,

नमस्कार तुझ्या पायांशी पोचला असं समज.

वजनखोलीत तुझाच चष्मेवाला आहे. तूच शिकवलेला, तुझ्याच शिव्या खाऊन मोठा झालेला, त्यामुळे त्याच्याबद्दल शंका म्हणजे स्वतःबद्दलच शंका. पात्यांची कड धुळीनं झिजते, ती घासून पुन्हा रंगवावी लागते. दर वेळी रंगानंतर जोडी तोलली जाते. मी वही पाहते. दोन पात्यांमधला फरक शून्य, ओळीनं अकरा वेळा शून्य. तुझ्या काळातही असं झालं नसेल. आणि पूर्वी ज्याला तीन दिवस लागायचे ते आता एका दुपारीत होतं.

माझं म्हणशील तर मी टेबलावरच जेवते आणि टेबलावरच दात घासायचे बाकी आहेत. वरच्या साहेबांनी मार्चअखेर ही मुदत दिली आहे. शंभर फेऱ्यांवर उडून दाखवलं तर प्रकल्प राहील. नाही तर दोन्ही यंत्रं झाकून ठेवायची आणि नव्वद माणसांना घरी पाठवायचं. त्यातल्या निम्म्या लोकांना तू ओळखतेस.

टोळ मजेत आहे. त्याची काळजी तुझ्याइतकीच मलाही आहे, फक्त मी ती पत्रात लिहीत नाही.

मोठी

१४ फेब्रुवारी

मोठे,

"एका दुपारीत" हे शब्द माझ्या घशात अडकलेत.

पात्याची जोडी एका दुपारीत तोलता येत नाही. नीट वाच, मी इंजिनियर नाही, पण हे मला तुझ्यापेक्षा जास्त कळतं. कड घासली की दोन्ही पाती हलकी होतात, एक थोडं जास्त, एक थोडं कमी. आमच्या खोलीत रीत एकच होती, जड पात्याला हात लावायचा नाही, हलक्यात भर घालायची. आणि मग दोन्हींत मिळून, घासून गेलं तेवढं परत घालायचं. त्यासाठी टोकाचं झाकण उघडायचं, चकती राळेत बसवायची, आणि राळ सुकायला दीड दिवस. घाई केली तर चकती आत खुळखुळते. म्हणून तीन दिवस.

दुपारीत होतं ते दुसरंच काम. जड पात्याचं झाकण उघडायचं, एक चकती ठोकून बाहेर काढायची, झाकण लावायचं, चहा प्यायचा. फरक शून्य येतोच. अकरा वेळा असं केलं तर अकरा वेळा शून्य येईल आणि पाती दर वेळी हलकी होत जातील. तुझा तो शून्य मला अजिबात गोड लागत नाही.

आता काम सोपं आहे. वहीत शेवटचा रकाना पूर्ण वजनाचा आहे, तो बघ. तिथे आकडे घसरत आलेले दिसतील. आणि तरी खात्री नसेल तर पाती उतरव, मुळाशी आधार दे आणि टोक काट्यावर ठेव. पाती माझ्याच वेळच्या साच्यातली आहेत, टोकाशी एकेचाळीस किलो भरलं पाहिजे, त्यालाच आम्ही पूर्ण वजन म्हणायचो. एक क्रेन, दोन माणसं, एक सकाळ. प्रकल्प काही एका सकाळीत बुडत नाही.

हे पत्र टोळला वाचून दाखव. त्याच्याशी मी बोलले तर म्हणेल आत्याला निवृत्ती मानवत नाही. तू त्याची प्रमुख आहेस, तुझ्या तोंडून ऐकेल.

तुमची आई गेली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता आणि माझ्याशी सहा महिने बोलला नव्हता. मग एक दिवस शाळेतून येऊन म्हणाला, भूक लागली. तेव्हापासून तो माझा आहे. हे तुला कधी लिहिलं नव्हतं, आता लिहिलं.

आत्या

१ मार्च

आत्या,

उत्तराला उशीर झाला. तू रागावली असशील आणि राग पत्त्यासकट माझ्या नावानं लिहून तयार असेल.

वही पाहिली. चष्मेवाल्याला विचारलं. सगळं ठीक आहे. तू म्हणतेस तसं काही नाही. तुझं पत्र टोळला वाचून दाखवलं, तो हसला आणि म्हणाला, आत्याला एकदा यंत्रात बसवून वर नेऊ, म्हणजे ती ढगांनाही तोलून येईल.

काल एकशेचाळीसपर्यंत आणलं. खाली उतरल्यावर टोळ म्हणाला, दुधावरून साय उचलावी इतकं अलगद. मी गेल्या तीन वर्षांत त्याला इतकं खूष पाहिलं नाही. पाती आत्ता उतरवायची म्हणजे रोटरची सगळी जोडणी पुन्हा तपासावी लागेल, आठवडा जाईल, आणि हातात आठवडेच मोजके आहेत. शंभराचं उड्डाण झालं की मी स्वतः उभी राहून पाती तोलून घेईन. तुला आकडा कळवीन, ग्रॅमसकट.

तुझ्या गुडघ्याचं काय म्हणतात डॉक्टर?

मोठी

२७ मार्च

मोठे,

टोळ जाऊन अठरा दिवस झाले. मी दिवस मोजत नाही, ते आपले आपण मोजले जातात.

त्या दिवशी तुझ्या घरी शेजारचे लोक खुर्च्या आणून लावत होते आणि तू दारात उभी राहून प्रत्येकाला पाणी हवं का विचारत होतीस. मलाही विचारलंस, परक्या माणसाला विचारावं तसं, आणि माझ्याकडे पाहिलं नाहीस. मला वाटलं दुःखानं. मी तुझ्या पाठीवरून हात फिरवला. आता त्या हाताची मला लाज वाटते.

कारण परवा चष्मेवाला माझ्याकडे आला. बाहेरच्या खोलीत बसला आणि अर्धा तास चष्माच पुसत राहिला. त्यानं कबूल केलं की तुमच्या घाईपायी तो चकत्या काढत होता, घालत नव्हता. मुदती वरून यायच्या, भर घालायला तीन दिवस कुणी देत नव्हतं, आणि काढलं काय, घातलं काय, वहीत शून्यच दिसतो. मी त्याला नाही नाही ते बोलले. त्यानं चष्मा डोळ्यांवर चढवला. मग हळूच म्हणाला, "बाई, फेब्रुवारीत मला कुणी काही विचारलंच नव्हतं."

तू लिहिलंस, चष्मेवाल्याला विचारलं. तू लिहिलंस, वही पाहिली, सगळं ठीक आहे. पण तो म्हणतो वहीत पूर्ण वजनाचा रकानाच नाही, गेली कित्येक वर्षं नाही. मग तू पाहिलंस काय? आणि तो रकाना काढला कुठल्या गाढवानं? मी त्याला विचारलं. तो जमिनीकडे बघत म्हणाला, जुनी गोष्ट आहे बाई, जाऊ द्या. कुठल्या तरी साहेबाला पाठीशी घालतोय. मी जाऊ देणार नाही.

आजच्या पेपरात चौकशी समितीचा पहिला अहवाल आला आहे. रोटर शंभराच्या मर्यादेखाली अठ्ठ्याण्णवपर्यंत गेला, पात्यानं शेपूट कापलं, वैमानिकानं मर्यादा पाळली नाही. वैमानिकानं. पाती जळून गेली, त्यांना कुणी तोलू शकत नाही, म्हणून जो बोलू शकत नाही त्याच्या माथी मारून मोकळे झाले. अगं, जड रोटर हळूहळू मंदावतो, हलका झाला की एकदम मंदावतो. टोळनं शंभरावर आणायला घेतला आणि तो त्याच्या हातातून पुढे निसटला. त्याला सांगितलं होतं एका वजनाचं यंत्र, दिलं दुसऱ्या. ही त्याची चूक कशी, ते मला समितीनं समजावून सांगावं.

त्याच्या नावासमोर ते वाक्य राहता कामा नये. तू प्रकल्पाची प्रमुख आहेस. तू काय करते आहेस?

आत्या

४ एप्रिल

आत्या,

हे पत्र चौथ्यांदा लिहिते आहे. याआधीच्या तिन्हींमध्ये मी चांगली दिसत होते, म्हणून फाडली.

मी वही पाहिली नाही. चष्मेवाल्याला विचारलं नाही. तुझं पत्र टोळला वाचून दाखवलं नाही. ढगांना तोलण्याचं वाक्य माझं होतं. तो असं बोलला असता, म्हणून मला ते सहज सुचलं. त्यानं टेबलावर तुझं पाकीट पाहिलं होतं. विचारलं, "आत्याचं काय म्हणणं आहे?" मी म्हणाले, "नेहमीचंच." तो म्हणाला, तिला सांग रविवारी येतो, आणि हेल्मेट उचलून गेला. मला तुझं म्हणणं पटलं नव्हतं असं नाही. पटलं होतं. पाती उतरवून तोलली आणि कमी भरली तर मार्च हातचा जाईल, हे मला त्याच मिनिटाला कळलं होतं. म्हणून मी तोलली नाहीत. न तोललेलं पातं कमी भरत नाही.

अपघातानंतर मी वजनखोलीत गेले. चष्मेवाल्यानं काढलेल्या चकत्या टाकल्या नव्हत्या. एका पत्र्याच्या डब्यात, प्रत्येकीला तारखेची चिठ्ठी बांधून ठेवल्या होत्या. टोळच्या यंत्राच्या अकरा आणि दुसऱ्या यंत्राच्या आठ. तूच त्याला काही टाकायचं नाही असं शिकवलं होतंस ना?

आता रकान्याचं. हे मी तुला कधीच सांगणार नव्हते. जुन्या आदेशांची फाईल उघडली. दहा वर्षांपूर्वीचा कागद आहे. मी जसाच्या तसा उतरवते:

"आपल्या खोलीत पात्यातून वजन काढण्याची पद्धत नसल्याने पूर्ण वजनाचा रकाना अनावश्यक आहे. त्यासाठी क्रेन व दोन माणसे विनाकारण अडकतात. यापुढे नोंदवहीत फक्त फरक नोंदवावा."

खाली तुझी सही आहे, आत्या. रकाना तू काढलास.

आधी मला वाटलं तुला आठवत असेल आणि तू मुद्दाम माझी परीक्षा घेते आहेस. मग कळलं की तुला खरंच आठवत नाही. तुझ्या डोक्यात तो रकाना अजून आहे, कारण तुझ्या हातून तो कधी चुकला नसता.

कागद माझ्या खणात आहे. समितीला त्याची कल्पना नाही, डब्याचीही नाही. बाराला त्यांचं काम संपतं. वरच्या साहेबांनी मुदत एप्रिलअखेरपर्यंत वाढवली आहे. वीस तारखेला दुसरं यंत्र उडणार आहे, एकशेदहापर्यंतच आणायचं असं ठरलंय, वैमानिकाला मर्यादेबद्दल कडक ताकीद दिली आहे. पाती तीच, म्हणजे त्याच खोलीतून निघालेली. मी स्वतःला सांगते की तुझं नाव खराब होऊ नये म्हणून गप्प आहे. एकतीस वर्षांची तुझी नोकरी, सगळे अजून तुझं नाव घेतात. पण ते खरं नाही. मी माझ्यासाठीच गप्प आहे, तुझं नाव त्यावर पांघरूण म्हणून घेते.

मला काय करायचं ते माहीत आहे. माझ्यानं होत नाही. तू सांग.

मोठी

९ एप्रिल

मोठे,

तुझं पत्र मी दारातच उभी राहून वाचलं, आत येऊन बसेपर्यंत धीर नव्हता.

ते वाक्य माझंच आहे. सही दाखवायची गरज नव्हती, वाक्याची ठेवणच माझी आहे. "विनाकारण अडकतात." मला त्या सकाळचं सगळं आठवलं. क्रेन दुसऱ्या विभागाला हवी होती, मी रांगेत उभी राहून वैतागले होते, आणि मला वाटलं की ज्या खोलीत मी आहे त्या खोलीत कुणी पातं हलकं करूच शकत नाही. मी स्वतःवर इतकी खूष होते की मी नसताना ती खोली चालेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही, आणि वर्षभरातच मी निवृत्त झाले. शुद्ध, नेटकं, एकही चूक नसलेलं वाक्य. कितीतरी वेळा वाचलं, कुठेही हात घालायला जागा नाही.

चष्मेवाल्याला गाढव म्हणाले, साहेबांना गाढव म्हणाले. तो बिचारा जमिनीकडे बघत होता तो माझ्यासाठी.

तू सांग म्हणालीस. मी तुला विचारत बसले नाही. काल बसनं जाऊन समितीच्या कचेरीत स्वतः पत्र देऊन आले आणि पोच घेतली. कागद तुझ्या खणात आहे, तरी मजकूर मला आता पाठ आहे. लिहिलं की रकाना मी काढला, कोणत्या वर्षी, कोणत्या कारणानं. लिहिलं की तो नसल्यामुळे चकत्या काढल्याचं वहीत कधी दिसलं नाही. रोटर हलका झाला की तो अठ्ठ्याण्णववर का घसरतो, तेही लिहिलं, चार ओळींत, कुणालाही कळेल असं. पत्र्याच्या डब्याचा उल्लेख केला. आणि मागणी केली की दुसऱ्या यंत्राची पाती कुणाच्याही उड्डाणाआधी तोलावीत.

आज सकाळी त्यांचा फोन आला. मी घेतला. सोमवारी नऊला तोलणार आहेत. विचारत होते, बाई, तुम्ही येऊ शकाल का. मी म्हटलं, मी येईन, पण प्रकल्पाची प्रमुख काट्याजवळ हवी.

तुझी तिन्ही पत्रं माझ्याजवळ आहेत. मी ती समितीला दिलेली नाहीत. सोमवारी पिशवीत घेऊन येईन. तू तुझ्या तोंडानं सगळं सांगितलंस, टोळला काय सांगितलं नाहीस तेसुद्धा, तर ती पिशवीतच राहतील. नाही सांगितलंस तर मी काढून टेबलावर ठेवीन. यावर मला विनवू नकोस. तू दारात पाणी विचारत होतीस तेव्हा तुझ्यावर माझा जीव होता, आजही आहे, आणि त्यानं यात काडीचा फरक पडत नाही. तुझी नोकरी जाईल, बहुतेक त्याहून जास्त काही जाईल. माझं नाव गेलंच आहे. आपल्या दोघींचं मिळून जे काही जाईल ते टोळपेक्षा कमी आहे.

तू मला "तूच त्याला काही टाकायचं नाही असं शिकवलं होतंस ना" असं विचारलंस. हो, मीच. ते एवढं एक बरोबर शिकवलं.

आता सोमवारचं. फाटकावर माझ्या नावाचा पास ठेव, माझा जुना घेत नाहीत. पाती आदल्या दिवशीच उतरवून ठेवा, म्हणजे क्रेन अडकली असं कुणी म्हणणार नाही. काटा शून्यावर आणायला चष्मेवाल्याला सांग, दुसऱ्या कुणाला हात लावू देऊ नकोस. आकडा मी वाचीन, वहीत तू लिही. आधी एका पात्याचं पूर्ण वजन, मग दुसऱ्याचं. फरक लिहिण्याची गरज नाही, तो शून्यच येणार.

दुसऱ्या वैमानिकालाही मी बोलावलं आहे. त्याला आई आहे असं कळलं. तिलाही यायचं असेल तर फाटकावर अडवू नका. आणि काट्याजवळ तिच्यासाठी एक खुर्ची ठेव.

आत्या